मुद्दल आणि व्याज : दोन देशांच्या वायुसंपत्तीची कहाणी

शेत नांगरताना फाळाला हंडा लागला, जुन्या वाड्याची भिंत उतरवताना मोहरा निघाल्या, अशा गोष्टी आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ऐकणाऱ्याला उत्सुकता असते ती धन किती निघाले याची. सांगणारी आजी मात्र शेवट वेगळाच करते. एकाने ते चार वर्षांत उडवले, दुसऱ्याने त्यातून जमीन घेतली आणि त्याची नातवंडे आजही तिच्यावर जेवतात, असे ती सांगते. राष्ट्रांच्या इतिहासातही असेच घडते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर समुद्राच्या काठावरील दोन लहान देशांना, नेदरलँड्सला आणि नॉर्वेला, असाच हंडा सापडला. त्यात सोनेनाणे नव्हते, नैसर्गिक वायू होता. दोन्ही देश दर्यावर्दी, सुशिक्षित, कायद्याने चालणारे आणि लोकशाही मानणारे. तरीही साठ वर्षांनी हिशेब मांडायला बसले तर दोघांच्या खातेवह्या इतक्या वेगळ्या दिसतात की, एकाच वस्तूची ही दोन मोले झाली तरी कशी, असा प्रश्न पडतो.

त्या दोन खातेवह्या या लेखात शेजारी शेजारी ठेवून पाहायच्या आहेत. भूगर्भातून किती घनमीटर वायू निघाला आणि बाजारात त्याला काय भाव आला, एवढ्यावर त्याची किंमत ठरत नाही. आलेला पैसा मिळकत मानला की मुद्दल मानले, आणि वायू काढताना झालेले नुकसान कोणाच्या नावे लिहिले, या दोन गोष्टींवर ती खरी ठरते. इतिहासाची साक्ष तरी तशीच आहे.

स्लोख्टरनची विहीर

नेदरलँड्सच्या ईशान्य टोकाला, जर्मनीच्या सरहद्दीला लागून ग्रोनिंगन नावाचा प्रांत आहे. सपाट, काळ्या मातीचा, शेतीप्रधान आणि राजधानीपासून दूर. तेथील लोकांची बोलीही प्रमाण डच भाषेहून वेगळी. या प्रांतातील स्लोख्टरनजवळच्या एका शेतात २२ जुलै १९५९ रोजी खोदलेल्या विहिरीतून वायूचा मोठा साठा हाती लागला. विहीर खोदणारी कंपनी शेल आणि एस्सो या दोन तेल कंपन्यांच्या निम्म्या-निम्म्या भागीदारीची होती. साठा नेमका किती मोठा, याचा अंदाज आरंभी कोणालाच नव्हता. १९६० साली युरोपीय संसदेत एका बेल्जियन सदस्याने ३०० अब्ज घनमीटरांचा आकडा उच्चारला, तेव्हा सारे चकित झाले. पुढे उलगडा झाला की, तेथे सुमारे २,८०० अब्ज घनमीटर वायू काढता येण्याजोगा आहे. युरोपातील तो सर्वांत मोठा वायुसाठा ठरला.

डच सरकारने घाई केली नाही असे नाही, पण आरंभी विचारपूर्वक पावले टाकली. १९६२ मध्ये अर्थव्यवहार मंत्री दे पाउस यांनी संसदेपुढे एक टिपण ठेवले. ग्राहकाला वायूऐवजी जे दुसरे इंधन घ्यावे लागले असते त्याच्या किमतीशी वायूचा भाव बांधावा, असे त्यात तत्त्व होते. वायू काढायला स्वस्त पडतो म्हणून तो स्वस्त विकायचा नाही, असा त्याचा अर्थ. उत्खननाच्या भागीदारीत सरकारी खाण कंपनीचा ४० टक्के वाटा ठेवण्यात आला. १९६३ मध्ये वायूची वाहतूक आणि विक्री करणारी ‘गासउनी’ ही कंपनी निघाली, तिच्यात निम्मी मालकी सरकारच्या बाजूची होती. देशभर जमिनीखालून नळ टाकण्यात आले. कोळशापासून केलेल्या गॅसवर चालणाऱ्या शेगड्या बदलून नव्या गॅसच्या शेगड्या घरोघरी बसल्या, आणि १९६० चे दशक संपेपर्यंत जवळजवळ सारा देश या नळांनी जोडला गेला. दक्षिणेकडील लिंबर्ग प्रांतातील कोळशाच्या खाणी बंद करण्याचा निर्णय १९६५ च्या डिसेंबरात जाहीर झाला. शेवटची खाण १९७४ अखेर बंद पडली. काजळी गेली आणि स्वयंपाकघरे स्वच्छ झाली. त्या पिढीतील गृहिणीला वायूचे मोल विचारले असते तर तिने सरळ आपल्या ओट्याकडे बोट दाखवले असते, आणि तिचे चुकले नसते.

मग इतक्या जलद विक्रीचा आग्रह का होता? तर त्या काळी जाणत्या मंडळींना असे वाटत होते की, अणुशक्ती लवकरच इतकी स्वस्त होईल की जमिनीखालच्या वायूला कोणी विचारणार नाही. पडून राहिलेला माल कवडीमोल होण्याआधी विकलेला बरा, असा तो व्यापारी हिशेब होता. आज तो चुकलेला दिसतो, पण तेव्हा तो समंजस वाटत होता. इतिहास वाचताना मागच्यांना दोष देण्याची घाई आपण करतो. त्यांच्या हातात कोणते कागद होते हे आधी पाहायला हवे.

‘डच रोग’ म्हणजे काय?

१९७३ च्या तेलसंकटानंतर तेलाचे भाव चढले आणि त्यांच्याशी बांधलेला वायूचा भावही चढला. १९७६ साली ग्रोनिंगनमधील उत्पादन सर्वोच्च बिंदूला, वर्षाला सुमारे ८८ अब्ज घनमीटरांवर, पोहोचले. सरकारी तिजोरीत पैशाचा ओघ सुरू झाला. निवृत्तिवेतन, बेकारभत्ता, आजारी व अपंग कामगारांना मदत, शाळा, इस्पितळे यांवर तो खर्च झाला. हा खर्च वाईट होता असे कोण म्हणेल? पण तो वर्षाच्या मिळकतीत धरला गेला, आणि मिळकत म्हटली की ती संपवायचीच असते.

दरम्यान एक विपरीत गोष्ट घडत होती. परदेशी गिऱ्हाइकांना वायू घ्यायचा तर डच गिल्डर विकत घ्यावे लागत. त्यामुळे गिल्डरचा भाव वाढला. गिल्डर महाग झाला तसे डच कापड, डच जहाजे, डच यंत्रे परदेशात महाग पडू लागली. मजुरीचे दरही चढले होते. कारखाने एकामागून एक बंद पडू लागले. वायूच्या धंद्यात पैसा मोठा, पण त्याला माणसे थोडीच लागतात, त्यामुळे रिकामे झालेले हात तेथे सामावण्यासारखे नव्हते. आपल्याकडे एखाद्या गावाजवळ खाण निघाली की मजुरीचे दर वाढतात, शेतीला माणूस मिळेनासा होतो आणि खाण बंद झाली की शेतही पडीक आणि खाणही बंद, अशी अवस्था होते. तेच येथे राष्ट्राच्या पातळीवर घडले. लंडनच्या ‘इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिकाने १९७७ साली या दुखण्याला ‘डच रोग’ असे नाव दिले. १९८२ मध्ये कॉर्डन आणि नीरी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी त्याची शास्त्रीय मांडणी केली, आणि तेव्हापासून हे नाव जगभरच्या पाठ्यपुस्तकांत जाऊन बसले.

डच लोक या दुखण्यातून सावरले, हेही सांगितले पाहिजे. १९८२ मध्ये वासेनार येथे मालक आणि कामगार संघटना यांच्यात करार झाला. कामगारांनी वेतनवाढीचा आग्रह सोडला, मालकांनी कामाचे तास कमी करून अधिक लोकांना सामावून घेण्याचे मान्य केले. हळूहळू उद्योग सुधारले. १९९५ मध्ये वायूच्या उत्पन्नाचा काही भाग बाजूला काढून पायाभूत कामांसाठी एक निधीही स्थापन झाला. त्यातून रॉटरडॅम बंदरापासून जर्मन सरहद्दीपर्यंतचा मालवाहतुकीचा लोहमार्ग, वेगवान रेल्वे अशी कामे झाली. पण हा निधी साठवणीचा नव्हता, खर्चाचाच होता, आणि पुढे तोही गुंडाळला गेला. ज्या उत्तरेच्या जमिनीखालून पैसा निघाला त्या उत्तरेच्या वाट्याला त्यातले फार थोडे आले.

नॉर्वे : पुढच्याला ठेच

आता समुद्रापलीकडे जाऊ. १९५८ च्या फेब्रुवारीत नॉर्वेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने आपल्या परराष्ट्र मंत्रालयाला कळवले होते की, नॉर्वेच्या किनाऱ्यालगतच्या समुद्रतळाखाली कोळसा, तेल वा गंधक सापडण्याची शक्यता विचारात घेण्याचे कारण नाही. पुढच्याच वर्षी ग्रोनिंगनचा शोध लागला. ग्रोनिंगनखालचे खडकांचे थर उत्तर समुद्राखाली पुढे गेले असणार, असे भूगर्भशास्त्रज्ञांच्या मनात आले. नॉर्वेच्या श्रीमंतीचे मूळ अशा रीतीने डच शेतातल्या त्या विहिरीत आहे.

१९६२ च्या ऑक्टोबरात फिलिप्स पेट्रोलियम ही अमेरिकन कंपनी ऑस्लोत आली. नॉर्वेच्या सागरी हद्दीत शोध घेण्याचा हक्क एकट्या आपल्याला मिळावा, त्यासाठी आपण दरमहा १ लाख ६० हजार डॉलर खर्चू, असा तिचा प्रस्ताव होता. मासे, लाकूड आणि जहाजे यांवर पोट भरणाऱ्या देशाला तो मोह मोठाच होता. सरकारने नकार दिला. ३१ मे १९६३ रोजी समुद्रतळावर राष्ट्राची मालकी जाहीर केली, १९६५ मध्ये ब्रिटन व डेन्मार्क यांच्याशी मध्यरेषेचे करार केले, आणि मगच वेगवेगळ्या कंपन्यांना वेगवेगळे पट्टे दिले. सातबारा आधी नावावर करून घेतला, कूळ नंतर नेमले, असे आपल्या भाषेत म्हणता येईल.

कित्येक विहिरी कोरड्या गेल्यावर १९६९ च्या अखेरीस इकोफिस्क येथे तेलाचा आणि वायूचा प्रचंड साठा सापडला. याच सुमारास फारुक अल्-कासिम हे इराकमधील भूगर्भशास्त्रज्ञ नॉर्वेत आले होते. पत्नी नॉर्वेजियन आणि आजारी मुलावर उपचार व्हावेत म्हणून १९६८ मध्ये त्यांनी देश सोडला होता. परकीय कंपन्यांच्या हाती तेल गेले की देशाचे काय होते, हे त्यांनी मायभूमीत पाहिले होते. नॉर्वेच्या उद्योग मंत्रालयात त्यांना काम मिळाले, आणि पुढील धोरणाच्या आखणीत त्यांचा मोठा वाटा राहिला. १९७१ मध्ये नॉर्वेच्या संसदेच्या समितीने दहा सूत्रे मांडली, त्यांना ‘तेलाच्या दहा आज्ञा’ असे म्हणतात. सर्व कारभारावर राष्ट्राचे नियंत्रण हवे, वायू हवेत जाळून टाकू नये, निसर्गाची व असलेल्या उद्योगांची काळजी घ्यावी, अशी ती सूत्रे. १९७२ मध्ये स्टॅटऑइल ही सरकारी कंपनी निघाली.

१९७४ साली सरकारने संसदेपुढे ठेवलेल्या अहवालात, हा पैसा अर्थव्यवस्थेत किती वेगाने यावा, याचाच मुख्यतः विचार होता. उत्खनन सावकाश करावे, असे त्यात म्हटले होते. हातात घबाड आल्यावर सावकाश चला असे सांगणारा कारभारी विरळाच.

सरहद्दीच्या मुलखात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना येथे एक तपशील विशेष वाटेल. १९७१ मध्ये सापडलेला फ्रिग हा वायुसाठा नेमका नॉर्वे आणि ब्रिटन यांच्या मध्यरेषेवर निघाला. दोन्ही देशांनी तज्ज्ञांकडून मोजणी करवली, १९७६ मध्ये करार केला, आणि सुमारे ६१ टक्के नॉर्वेचा व ३९ टक्के ब्रिटनचा असा वाटा ठरवून एकत्रच उत्खनन केले. त्याआधी १९६२ मध्ये डच आणि जर्मन यांनीही एम्स नदीच्या मुखाजवळील वादग्रस्त पट्ट्यातील वायूबाबत समजुतीचा करार केला होता. रेषेचा वाद मिटलेला नसतानाही रेषेखालच्या संपत्तीची वाटणी शहाणपणाने करता येते, याची ही दोन उदाहरणे आहेत.

नॉर्वेचे सारेच सुरळीत झाले असे समजू नये. सत्तरच्या दशकात पैसा हाती येण्याआधीच खर्च वाढला होता. १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळले तेव्हा चलनाचे अवमूल्यन करावे लागले, आणि पुढे बँकाही संकटात सापडल्या. म्हणजे ‘डच रोगा’ची लक्षणे तेथेही दिसली होती. फरक इतकाच की, त्यांच्यापुढे शेजाऱ्याच्या आजाराचा कागद उघडा होता. पुढच्याला ठेच आणि मागचा शहाणा, ही आपली म्हण येथे अक्षरशः लागू पडते.

१९८३ साली एका सरकारी समितीने निधी उभारण्याची सूचना केली. १९९० मध्ये कायदा झाला. १९९६ च्या मे महिन्यात त्या निधीत पहिली रक्कम भरली गेली, ती सुमारे २ अब्ज क्रोनर होती. या निधीचे दोन नियम ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. पहिला नियम, पैसा देशात गुंतवायचा नाही, परदेशांतच गुंतवायचा. त्यामुळे देशी चलन फुगत नाही आणि देशातील उद्योग मरत नाहीत. दुसरा नियम २००१ साली ठरला. निधीवर दीर्घकाळात जेवढा खरा परतावा अपेक्षित आहे तेवढाच सरकारने सरासरीने वर्षाला वापरायचा. तो आधी ४ टक्के धरला होता, २०१७ पासून ३ टक्के धरला जातो. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजावर जगायचे, हा आपल्या आजोबांचा नियम झाला. वायू जमिनीखाली होता तेव्हाही ती संपत्तीच होती. ती वर काढून विकली म्हणजे नवी कमाई झाली असे होत नाही, एका पेटीतले धन दुसऱ्या पेटीत गेले एवढेच, हे त्यांनी ओळखले.

दोन खातेवह्या

आता आकडे पाहू. डच संसदेच्या चौकशी समितीच्या अहवालानुसार ग्रोनिंगनच्या वायूतून डच सरकारला एकंदर सुमारे ३६० अब्ज युरो मिळाले, आणि दोन तेल कंपन्यांना सुमारे ६५ अब्ज. त्यातले साठवलेले असे आज काही नाही. नॉर्वेच्या निधीत २०२४ च्या अखेरीस १९ हजार ७०० अब्जांहून अधिक क्रोनर होते. देशाची लोकसंख्या सुमारे ५५ लाख. म्हणजे तान्ह्या मुलासकट माणशी साडेतीन दशलक्ष क्रोनर, आपल्या पैशात अडीच कोटी रुपयांच्या पुढे.

पण हे दोन आकडे सरळ एकमेकांसमोर ठेवणे न्यायाचे होणार नाही. नॉर्वेच्या निधीत वायूबरोबर तेलाचाही पैसा आहे, आणि तेल भरपूर होते. डच लोकसंख्या तिपटीहून अधिक, सुमारे १ कोटी ८० लाख. शिवाय डच कामगारांचे निवृत्तिवेतन निधी जगातील मोठ्या निधींत गणले जातात, तेव्हा डच माणूस उधळ्या आहे असे म्हणता येणार नाही. तो बचत पगारातून झाली, वायूतून झाली नाही, एवढेच. नॉर्वेच्या घरांत आणि कारखान्यांत धबधब्यांवरची वीज होतीच, त्यामुळे जवळजवळ सारा वायू विकायला मोकळा होता. डच वायू मात्र आधी डच घरांत जळला, आणि ती ऊब कोणत्याही खातेवहीत दिसत नाही.

एवढे सगळे वजा केले तरी एक मोठी गोष्ट उरते. नॉर्वेच्या निधीतील निम्म्याहून अधिक रक्कम विकलेल्या तेल-वायूची नाही. ती गुंतवणुकीवर आलेल्या परताव्याची आहे. हंड्यातल्या धनाने स्वतःहून मोठे धन निर्माण केले. ट्रोल हा नॉर्वेचा सर्वांत मोठा वायुसाठा १९७९ मध्ये सापडला, पण त्याचे उत्पादन १९९६ मध्ये सुरू झाले, योगायोगाने निधीत पहिली रक्कम पडली त्याच वर्षी. ग्रोनिंगनचा बराच वायू तेव्हा विकून झाला होता. वीस-तीस वर्षे उशिरा श्रीमंत होण्याचा हा फायदा.

तिसरी बाजू : भिंतींना गेलेले तडे

खातेवहीला जमा आणि खर्च अशा दोन बाजू असतात. खर्चाच्या बाजूला ग्रोनिंगनमध्ये जे लिहायचे राहून गेले, ते या इतिहासातील सर्वांत दुखरे पान आहे.

सुमारे तीन किलोमीटर खोलीवरच्या वालुकाश्मात हा वायू दाबाखाली भरलेला होता. वायू निघाला तसा दाब उतरला, खडक दबू लागला, जमीन खचू लागली आणि खडकांतील जुन्या भेगा सरकू लागल्या. १९८६ मध्ये जवळच्या आसेन शहराला भूकंपाचा धक्का बसला. मेंट फान डर स्लाउस या भूगोलतज्ज्ञाने त्याचा संबंध वायूच्या उत्खननाशी जोडला, तेव्हा त्याची टवाळी झाली. १९९३ साली तज्ज्ञांच्या अहवालाने तो संबंध मान्य केला. तरीही उत्खनन चालूच राहिले. १६ ऑगस्ट २०१२ रोजी हाउझिंगे या खेड्यापाशी ३.६ तीव्रतेचा धक्का बसला. आपल्या कोयनेच्या मानाने आकडा लहान वाटेल. पण हे धक्के जमिनीच्या अगदी वरच्या थरांत होतात, माती मऊ आहे, आणि तेथील जुनी विटांची घरे भूकंप गृहीत धरून कधी बांधलेलीच नव्हती. खाणींवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याने २०१३ च्या जानेवारीत सल्ला दिला की, शक्य तितक्या लवकर उत्खनन कमी करावे. त्याच वर्षी उत्खनन वाढले, सुमारे ५४ अब्ज घनमीटरांवर गेले.

पुढची दहा वर्षे ग्रोनिंगनच्या लोकांनी अर्ज करण्यात, तपासनीसांना तडे दाखवण्यात आणि हा तडा भूकंपाचाच हे सिद्ध करण्यात घालवली. लाखाहून अधिक नुकसानीचे अर्ज आले. सत्तावीस हजारांच्या आसपास घरे पुरेशी मजबूत आहेत की नाहीत याची तपासणी करावी लागली. टेकू दिलेल्या घरात मुले वाढली. घर विकावे तर गिऱ्हाईक नाही, राहावे तर रात्री झोप नाही. २०१८ मध्ये सरकारने उत्खनन टप्प्याटप्प्याने थांबवण्याचे ठरवले, १ ऑक्टोबर २०२३ रोजी ते थांबले आणि २०२४ मध्ये कायद्यानेच कायमचे बंद झाले. तत्पूर्वी २४ फेब्रुवारी २०२३ रोजी संसदीय चौकशी समितीचा अहवाल आला. ग्रोनिंगनच्या लोकांच्या हिताकडे पद्धतशीर दुर्लक्ष झाले, पैशालाच सतत प्राधान्य मिळाले, आणि या प्रांताचे राष्ट्रावर ऋण आहे, असे तिने स्पष्ट शब्दांत म्हटले. सरकारने माफी मागितली आणि पुढील तीस वर्षांसाठी सुमारे २२ अब्ज युरोंची योजना जाहीर केली.

नॉर्वेच्या खातेवहीतही अशी पाने आहेत. २७ मार्च १९८० रोजी ‘अलेक्झांडर कीलंड’ हा समुद्रातील निवासी तराफा उलटून १२३ माणसे गेली. आरंभीच्या काळात खोल समुद्रात उतरलेल्या पाणबुड्यांची शरीरे कायमची अधू झाली. त्यांना न्यायासाठी युरोपीय मानवाधिकार न्यायालयापर्यंत जावे लागले, आणि २०१३ मध्ये तेथे नॉर्वेविरुद्ध निकाल लागला. जमिनीखालचे धन वर काढण्याची किंमत कोणीतरी देतच असतो. ती बहुधा राजधानीत बसलेल्याला द्यावी लागत नाही.

नकाशा उघडून पाहिला तर नियतीचा एक खेळ दिसतो. नॉर्वेच्या वायूचा एक मोठा नळ १९७७ पासून जर्मनीतील एम्डेन बंदरात येऊन पोहोचतो. एम्डेन आणि ग्रोनिंगन प्रांत यांच्यामध्ये फक्त एम्स नदीचे मुख आहे. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, रशियन वायू आटला आणि युरोपात वायूचे भाव आकाशाला भिडले. त्या वर्षी नॉर्वेच्या तिजोरीत अभूतपूर्व पैसा आला. इतका की, युद्धावर नफा कमावता असे शेजाऱ्यांचे टोमणे त्यांना ऐकावे लागले. पुढच्या वर्षी त्यांनी युक्रेनसाठी अनेक वर्षांची मोठी मदतयोजना मंजूर केली. नदीच्या अलीकडे ग्रोनिंगनखाली तेव्हाही सुमारे ४५० अब्ज घनमीटर वायू शिल्लक होता, आजही आहे. त्या चढ्या भावातही डच सरकारने विहिरी बंद करण्याचा निर्णय फिरवला नाही. माणसांची घरे त्याहून मोलाची आहेत हे एका राष्ट्राने शेवटी मान्य केले, आणि त्या वायूची किंमत शून्य धरली. हे शहाणपण आधी आले असते तर किती बरे झाले असते, असे ग्रोनिंगनकरांना वाटत असेल तर त्यात नवल नाही.

आपल्या दाराशी

हा सारा दूरदेशीचा इतिहास झाला, आपल्याला त्याचे काय, असे कोणी विचारील. दाभोळहून बंगळूरला जाणारी गॅसवाहिनी २०१३ पासून बेळगाव जिल्ह्यातूनच जाते, तिचा एक फाटा गोव्यातही उतरतो. त्याहून जवळचे उदाहरण गोव्याच्या लोहखनिजाचे आहे. दशकानुदशके तेथील डोंगर जहाजांत भरून परदेशी गेले. बेकायदा उत्खननाबद्दल बोभाटा झाल्यावर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. २१ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल देताना एक नवी गोष्ट सांगितली. विकलेल्या खनिजाच्या किमतीतील १० टक्के रक्कम एका कायमस्वरूपी निधीत टाकावी, कारण या संपत्तीवर पुढच्या पिढ्यांचाही हक्क आहे. नॉर्वेत रुजलेला मुद्दल आणि व्याज यांचा विचार आता आपल्याही कायद्याच्या भाषेत आला आहे. २०१५ च्या दुरुस्तीने खाणींच्या जिल्ह्यांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानेही आली. ज्यांच्या भिंतींना तडे जातात, ज्यांच्या विहिरी आटतात, त्यांचा वाटा वेगळा काढावा, हा त्यामागचा विचार आहे. ग्रोनिंगनला हे साठ वर्षांत मिळाले नव्हते.

कायदा झाला म्हणजे काम झाले असे मात्र नाही. नॉर्वेचा निधी टिकला तो कायद्याच्या कलमांइतकाच तेथील नागरिकांच्या सवयीमुळे. निधीचे मूल्य तेथे कोणालाही रोज पाहता येते, दरवर्षी संसदेत त्याचा हिशेब होतो, आणि व्याजाहून अधिक रक्कम उचलली गेली की लोक विचारतात, का उचलली? ग्रोनिंगनमध्येही शेवटी बदल घडला तो तडे मोजत बसलेल्या, अर्ज करून न थकलेल्या साध्या माणसांमुळे. आपल्या जिल्ह्यातील डोंगर, वाळू, पाणी यांचे पैसे कोठे जमा होतात, त्यातले मुद्दल किती आणि व्याज किती, हे विचारायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. घरातला जमाखर्च ज्यांनी सांभाळला आहे, त्यांना हा प्रश्न सहज विचारता येईल.